लाइट सेन्सरच्या ड्रायव्हरचा रिव्ह्यू: कोडच्या आधी आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीममधल्या सहकाऱ्याने एका नव्या अँबियंट लाइट सेन्सरसाठी, म्हणजे आजूबाजूचा उजेड मोजणाऱ्या चिपसाठी, लिनक्स ड्रायव्हर लिहिला आहे. आयटूसीवरचा (चिप जोडायची दोन तारांची बस), सहाशे-सातशे ओळींचा. चेकपॅच (कर्नलची कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) काही तक्रार करत नाही, बोर्डवर रीडिंग येतं, सेन्सरवर हात धरला की आकडा खाली येतो. अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलकडे, पाठवण्याआधी घरातल्या घरात रिव्ह्यू करायचा आहे आणि तो तुमच्या गळ्यात पडला आहे. कर्नलच्या पॅचचा रिव्ह्यू याआधी केलेला नाही, तर नेमकं बघायचं काय?

हात धरल्यावर आकडा खाली येतो, म्हणजे सेन्सर जिवंत आहे. त्यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही. तापमानाचा ड्रायव्हर खोलीत ५४ अंश दाखवू लागला तर कोणाच्याही लक्षात येईल. टेबलावर २३० लक्स (उजेडाचं एकक) आहेत की ४६०, हे मात्र या कामात मुरलेल्या माणसालाही डोळ्यांनी सांगता येत नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात एका लक्सपेक्षा कमी, ऑफिसात ३०० ते ५००, भर उन्हात लाखाच्या घरात. एवढी मोठी पट्टी डोळा आपसूक सांभाळून घेतो, त्यामुळे दुपटीची चूक आपल्याला चूक वाटतच नाही. लाइट सेन्सरच्या ड्रायव्हरमधले दोष वर्षानुवर्षं टिकतात ते यामुळे. म्हणून माझा क्रम ठरलेला असतो: आधी डेटाशीट (चिपच्या कंपनीचं माहितीपत्रक), मग यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, काय दिसणार आहे ते, आणि कोड सगळ्यात शेवटी. बहुतेक नवे रिव्ह्यूअर नेमके उलटे जातात, पहिल्या पॅचच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि व्हेरिएबलच्या नावांवर दमून जातात.

डेटाशीट वाचताना मी चार गोष्टी कागदावर उतरवतो: कोणत्या गेनला (सिग्नल किती पट वाढवला) आणि कोणत्या इंटिग्रेशन टाइमला (उजेड किती वेळ गोळा केला) चिपच्या आकड्यातल्या एका काउंटचे किती लक्स होतात, कन्व्हर्जनला, म्हणजे एक मोजणी पूर्ण व्हायला, टिपिकल नव्हे, जास्तीत जास्त किती वेळ लागतो, रजिस्टरमधला (चिपच्या आतल्या आकडे ठेवायच्या कप्प्यातला) कोणता बाइट आधी येतो, आणि उजेड फार झाला तर चिप काय करते, कमाल आकड्यावर अडकते की वेगळी बिट वर करते. हा कागद शेजारी ठेवूनच पॅच उघडायचा.

लिनक्समध्ये हे ड्रायव्हर इंडस्ट्रियल आयओ, म्हणजे आयआयओ सबसिस्टिममध्ये बसतात. जोनाथन कॅमेरॉन तिचे मेंटेनर. तिथला करार सरळ आहे: ड्रायव्हरने सिसएफएसमध्ये (कर्नलमधली माहिती फाइलींसारखी दिसते ती जागा) एक रॉ, म्हणजे कच्चा, आकडा द्यायचा आणि एक स्केल द्यायचा, दोन्हींचा गुणाकार केला की लक्स मिळाले पाहिजेत. चिपचं उत्तर सरळ गुणाकाराने लक्समध्ये जात नसेल, तरच ड्रायव्हरने स्वतः हिशेब करून तयार लक्स द्यायचे. दोन्ही एकदम देणं टाळायचं. गुणाकार करण्यासारखा असताना ड्रायव्हरने तयार लक्स दिले, तर 'हे यूजरस्पेसला करता येतं, कर्नलमध्ये कशाला' असा प्रश्न येणारच. तो आधी तुम्हीच विचारा.

हा करार किती सहज मोडतो ते बघायचं असेल तर विशे या कंपनीच्या व्हीईएमएल६०३० या चिपचा ड्रायव्हर बघा. त्यात स्केल म्हणून थेट गेनच दिला जात होता. गेन वाढला की त्याच उजेडाला काउंट जास्त येतात, म्हणजे प्रत्येक काउंटचे लक्स कमी होतात. स्केल गेनच्या उलट दिशेने जायला हवा, तो तिथे गेनबरोबर वाढत होता. २०२५ मध्ये हे दुरुस्त झालं. त्याआधी, २०२४ मध्ये, याच ड्रायव्हरमधली आणखी एक चूक सुधारली गेली आणि ती रिव्ह्यू शिकणाऱ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. डेटाशीटप्रमाणे एका ठराविक गेन-टाइमला प्रत्येक काउंटचे ०.५३७६ लक्स. कर्नलमध्ये फ्लोटिंग पॉइंट वापरत नाहीत, म्हणून ड्रायव्हरने दहा हजार पटीने ५३७६ धरलं, रॉ आकड्याने गुणलं, दहा हजारांनी भागून पूर्णांक काढला आणि उरलेली बाकी तशीच दशांश म्हणून देऊन टाकली. पण आयआयओला दशांश भाग दशलक्षांशात, म्हणजे मायक्रोमध्ये लागतो. बाकीला आणखी शंभराने गुणायचं राहिलं होतं. एका काउंटला ०.५३७६ ऐवजी ०.००५३७६ छापलं जात होतं. पूर्णांक बरोबर, दशांश चूक. दोनशे-तीनशे लक्सच्या खोलीत हे कोणाच्या लक्षात येणार?

म्हणून रिव्ह्यू करताना एक आकडा घ्यायचा आणि हाताने, कागदावर, रजिस्टरपासून सिसएफएसपर्यंत चालवून बघायचा. एक छोटा, एक मधला आणि एक शक्य तेवढा मोठा. मोठा का, ते टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ओपीटी३००१ वरून सांगतो, कारण त्याचा हिशेब सुटसुटीत आहे.

ओपीटी३००१ चं रिझल्ट रजिस्टर सोळा बिटांचं. वरच्या चार बिटांत घातांक, खालच्या बारा बिटांत मूळ संख्या. लक्स काढायचे तर दोनाचा तेवढा घात घ्या, बारा बिटांच्या संख्येने गुणा आणि ०.०१ ने गुणा. घातांक ११ पर्यंत जातो, संख्या ४०९५ पर्यंत, म्हणून कमाल रीडिंग ८३,८६५.६० लक्स. आता समजा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने विचार केला की आयआयओला मायक्रो लागतात, तर सगळा हिशेब मायक्रोलक्समध्येच करू. ०.०१ लक्स म्हणजे १०,००० मायक्रोलक्स. सूत्र चोख दिसतं, कोड चार ओळींत आटोपतो, टेबलावर ३५० लक्स येतात. पण बत्तीस बिटांच्या अनसाइन्ड संख्येत ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठं काही मावत नाही, म्हणजे ४,२९५ लक्सच्या आसपास आकडा गुंडाळला जातो. खरे ५,००० लक्स असताना ७०५ दिसतील. खरे ८,६०० असताना १० दिसतील. संख्या साइन्ड असेल तर २,१४८ लक्सपासूनच उणे आकडे सुरू होतील. फोन घेऊन माणूस गॅलरीत आला, उजेड वाढला, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन अंधारली. ही तक्रार डिस्प्लेच्या टीमकडे जाईल, बॅकलाइटच्या टीमकडे जाईल, सेन्सरच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवायला कोणी धजावणार नाही, कारण लॅबमध्ये तर तो बरोबर चालतो.

मेनलाइनमधला, म्हणजे अधिकृत कर्नलमधला, ओपीटी३००१ चा ड्रायव्हर हे टाळतो ते मिलिलक्समध्ये हिशेब करून: कमाल आकडा ८,३८,६५,६०० होतो, तो निवांत मावतो, आणि मायक्रोमध्ये नेण्याचा गुणाकार फक्त दशांश भागावर होतो. दुसरा मार्ग चौसष्ट बिटांचा. तो घेतला असेल तर भागाकार कसा केला आहे ते बघा. चौसष्ट बिटांच्या संख्येला साधं भागाकाराचं चिन्ह वापरलं तर लॅपटॉपवर बिल्ड होतं, पण बत्तीस-बिट एआरएमवर लिंकरच अडतो. त्यासाठी कर्नलची डिव्ह_यू६४ सारखी फंक्शन्स आहेत.

हे सगळं उन्हात न जाता तपासता येतं, आणि माझ्या मते रिव्ह्यूअरने हे करायलाच हवं. कर्नलमध्ये आयटूसी-स्टब नावाचं मॉड्यूल आहे. ते एक खोटी आयटूसी बस उभी करतं आणि तुम्ही सांगाल त्या पत्त्यावर एक खोटी चिप बसवतं, जिच्या रजिस्टरमध्ये आयटूसीसेट ही कमांड वापरून हवं ते लिहिता येतं. ओपीटी३००१ साठी पत्ता हेक्समध्ये ४४ घ्या, शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये कमाल रिझल्ट लिहा, न्यू_डिव्हाइस या सिसएफएसमधल्या फाइलमधून ड्रायव्हर जोडा आणि सिसएफएस वाचा. ड्रायव्हर कन्व्हर्जन झाल्याची बिट तपासत असेल तर तीही आधी लिहून ठेवावी लागते. एक खुबी ध्यानात ठेवा: कमाल रिझल्ट हेक्समध्ये बीएफएफएफ, पण स्टबमध्ये लिहिताना एफएफबीएफ लिहायचं. एसएमबस (आयटूसीवर बेतलेली पद्धत) वर्डमध्ये, म्हणजे दोन बाइटच्या आकड्यात, खालचा बाइट आधी जातो, ही चिप वरचा बाइट आधी पाठवते, म्हणून ड्रायव्हर वाचताना बाइट उलटवतो. सिसएफएसमध्ये ८३८६५.६००००० दिसलं तर हिशेब आणि बाइटचा क्रम दोन्ही एका झटक्यात तपासून झाले. हे साध्या लॅपटॉपवर होतं, बोर्ड लागत नाही. रोम या कंपनीच्या बीएच१७५० सारख्या चिपला मात्र हे चालत नाही, कारण तिला रजिस्टरचे पत्तेच नाहीत. नुसत्या आज्ञा पाठवायच्या आणि दोन बाइट वाचायचे.

आता चॅनेलचा प्रकार. आयआयओमध्ये इल्युमिनन्स आणि इंटेन्सिटी हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि नवखे लोक ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. इल्युमिनन्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसतो तो उजेड, एकक लक्स. इंटेन्सिटीला एकक नाही. उघडा सिलिकॉन फोटोडायोड इन्फ्रारेडलाही भरपूर प्रतिसाद देतो, त्यामुळे जुन्या पिवळ्या बल्बखाली तो एलईडीच्या कितीतरी पट आकडा देईल, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसत असले तरी. चिपवर डोळ्यासारखा फिल्टर असेल, किंवा ड्रायव्हर दोन चॅनेलमधून इन्फ्रारेडचा वाटा वजा करत असेल, तरच इल्युमिनन्स म्हणायचं. रंगांचे चॅनेल, क्लिअर चॅनेल, नुसता इन्फ्रारेड चॅनेल, हे सगळे इंटेन्सिटीत जातात. 'क्लिअर चॅनेल साधारण लक्सच्या जवळपास आहे' असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका.

गेन आणि इंटिग्रेशन टाइम हा या प्रकारच्या ड्रायव्हरमधला सगळ्यात किचकट भाग. दोन्हींमुळे काउंट बदलतात, म्हणून स्केल दोन्हींवर अवलंबून असतो. यूजरस्पेसने इंटिग्रेशन टाइम १०० मिलिसेकंदांवरून २०० केला, की रॉ आकडा दुप्पट होतो आणि स्केल निम्मा व्हायला हवा. कित्येक पॅचमध्ये स्केल एकदा लिहिला की तसाच राहतो. उलटी चूकही दिसते: गेनसाठी हार्डवेअरगेन नावाचा वेगळा अॅट्रिब्यूट (सिसएफएसमधली फाइल) उघडला जातो. तो यासाठी नाही. ज्या गेनमुळे मोजलेल्या आकड्याचा अर्थ बदलत नाही, तिथे तो चालतो. लाइट सेन्सरमध्ये गेन बदलायचा दरवाजा म्हणजे स्केल. यूजरस्पेसने एखादा स्केल मागितला, तर ड्रायव्हरने तो कोणत्या गेन-टाइम जोडीने मिळतो ते शोधायचं. हा हिशेब प्रत्येकाने आपापला करून चुकू नये म्हणून २०२३ मध्ये कर्नल ६.४ सोबत आयआयओ-जीटीएस हेल्पर आला, गेन-टाइम-स्केलचा. सहकाऱ्याने स्वतःची कोष्टकं लिहिली असतील तर हेल्पर का नाही वापरला हे विचारा. गेन एकच असलेल्या साध्या चिपला तो लागत नाही, तिथे आग्रह धरू नका.

अॅव्हेलेबल नावाची यादीही, म्हणजे ड्रायव्हर कोणत्या किमती स्वीकारतो ती, वाचून बघा. इंटिग्रेशन टाइम सेकंदांत द्यायचा असतो, मिलिसेकंदांत नाही, ०.१०० दिसायला हवं, १०० नाही. किती साधी गोष्ट, पण वारंवार दिसते.

वेळेचा मुद्दा यातूनच निघतो. बीएच१७५० च्या डेटाशीटमध्ये हाय-रिझोल्यूशन मोडला टिपिकल १२० मिलिसेकंद लिहिलेत आणि कमाल १८०. ड्रायव्हर १२० थांबून वाचत असेल तर तुमच्या टेबलावरच्या चिपला पुरेल, हजारातल्या एखाद्या संथ चिपला पुरणार नाही, आणि तिथे नवं रीडिंग तयार होण्याआधी जुनंच वाचलं जाईल. पॉवर नुकतीच आली असेल तर ते जुनं म्हणजे शून्य. चिपच्या आतला ऑसिलेटर स्वस्त असतो, त्याला सैलपणा द्यावाच लागतो. गेन किंवा टाइम बदलल्यावरचं पहिलं रीडिंगही संशयास्पद: अर्धं जुन्या सेटिंगवर, अर्धं नव्या. ड्रायव्हर तिथे एक पूर्ण सायकल थांबतो का, की लगेच रजिस्टर वाचून नव्या स्केलने गुणतो?

जाता जाता, डीफॉल्ट इंटिग्रेशन टाइम कोणता ठेवलाय तेही बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या चोकवरची ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. १०० मिलिसेकंदांत त्याच्या पूर्ण दहा सायकली बसतात. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झला पूर्ण बारा. म्हणून १०० ही संख्या इतक्या डेटाशीटमध्ये दिसते. २५ मिलिसेकंद घेतले तर अडीच सायकली होतात आणि रीडिंग स्थिर उजेडातही वरखाली नाचतं. मग कोणीतरी वर सॉफ्टवेअर फिल्टर बसवतो. डीफॉल्ट २५ असेल तर कारण विचारा, असेलही काही.

लॉकिंगबद्दल फार लिहीत नाही. म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) कशाचं रक्षण करतो हे एका ओळीच्या कॉमेंटमध्ये असावं, आणि 'रजिस्टरचं' हे उत्तर पुरेसं नाही, कारण रेगमॅपचं (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलची तयार सोय) स्वतःचं लॉक असतंच. खरा धोका असतो तो एकाने गेन बदलणं आणि दुसऱ्याने त्याच क्षणी रीडिंग घेऊन जुन्या गेनने लक्स काढणं यात. बदल, थांबणं आणि वाचणं एकाच लॉकखाली हवं. रेगमॅप वापरला असेल आणि कॅश चालू असेल, तर डेटा रजिस्टर व्होलाटाइल (आपोआप बदलणारं) म्हणून जाहीर केलंय ना? नसेल तर पहिलं रीडिंग कॅशमध्ये बसतं आणि पुढे तेच येत राहतं. दोन बाइटचं रीडिंग दोन वेगवेगळ्या व्यवहारांत वाचत असतील तर मधल्या वेळात चिप आकडा बदलू शकते, वरचा बाइट नव्याचा आणि खालचा जुन्याचा. एकत्र वाचायला सांगा.

ट्रिगर्ड बफर, म्हणजे ट्रिगर आला की रीडिंग टाइमस्टँपसह यूजरस्पेसकडे ढकलण्याची सोय, असेल तर तिथे थांबा आणि डोळ्यात तेल घालून वाचा. या भागातली चूक नुसती चुकीचं रीडिंग देत नाही, ती कर्नलची मेमरी बाहेर सोडते. विशेच्याच व्हीसीएनएल४०३५ च्या ड्रायव्हरमध्ये असं झालं होतं. स्टॅकवर एक बफर, त्यात दोन बाइटचं रीडिंग, पुढे आठ बाइटच्या सीमेवर टाइमस्टँप. रीडिंग आणि टाइमस्टँपच्या मधली जागा कोणी शून्य केलेली नव्हती. तिथे स्टॅकवर आधी जे काही पडलेलं होतं ते जसंच्या तसं यूजरस्पेसच्या हातात जात होतं. दुरुस्ती म्हणजे घोषणेतच बफर रिकाम्या कंसांनी शून्य करणं, एवढीच. अशाच गळत्या आणखी काही ड्रायव्हरमध्ये निघाल्या आणि त्या एकापाठोपाठ एक बुजवल्या गेल्या. तेव्हा बफर दिसला की तीन प्रश्न: शून्य केलाय का, टाइमस्टँप आठच्या सीमेवर आहे का, आणि यूजरने एकच चॅनेल चालू केला तर मांडणी बदलते हे लक्षात घेतलंय का. बस आयटूसीऐवजी एसपीआय असेल तर डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत डेटा नेण्यासाठी) बफर वेगळ्या कॅशलाइनवर हवा. आयटूसीला ती अट नाही.

इंटरप्ट, म्हणजे चिपने प्रोसेसरला मारलेली हाक. लाइट सेन्सरमध्ये तो बहुधा थ्रेशोल्डसाठी असतो: उजेड या मर्यादेच्या वर किंवा खाली गेला की उठव. थ्रेशोल्ड कोणत्या एककात घेतला जातो ते आधी बघा. चॅनेल रॉ देत असेल तर थ्रेशोल्डही रॉ, तयार लक्स देत असेल तर लक्स. रॉ असेल आणि मधेच गेन बदलला तर आधी लिहिलेल्या थ्रेशोल्डचा अर्थच बदलतो. ड्रायव्हर त्यावर काय करतो याचं उत्तर लेखकाकडे असलं पाहिजे.

हँडलरमध्ये बघायचं ते असं. स्टेटस रजिस्टर वाचून, खरंच आपला इंटरप्ट आहे का हे ठरवून मगच 'हाताळला' असं सांगायचं. लेव्हल इंटरप्ट असेल आणि चिपमधला लॅच (इंटरप्ट धरून ठेवणारी बिट) साफ केलाच नाही, तर दारावरची बेल कोणी दाबून धरावी तसं होतं: हँडलर संपतो न संपतो तोच पुन्हा. आणि कोणीच हाताळत नसेल तर कर्नलही कायम सहन करत नाही. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की तो ती लाइन बंद करून टाकतो आणि लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' लिहितो. काही चिप्समध्ये स्टेटस वाचलं की लॅच आपोआप साफ होतो. अशा चिपमध्ये डीबग करताना कोणी ते रजिस्टर बाहेरून वाचलं तर इव्हेंट हरवतो, म्हणून ते प्रेशस (ड्रायव्हरशिवाय कोणी वाचू नये असं) म्हणून जाहीर केलेलं असावं. इंटरप्टची कड, चढती की उतरती, ड्रायव्हरमध्ये ठोकून बसवलेली असेल तर काढायला सांगा. बोर्डवर मध्ये इन्व्हर्टर असू शकतो; ते डिव्हाइस ट्रीने (बोर्डवर काय कसं जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलने) सांगायचं.

प्रोब फंक्शनमध्ये (ड्रायव्हर चिपला जोडला जाताना चालतं ते) माझी नजर एकाच गोष्टीवर असते: क्रम. डेव्हएम प्रकारची फंक्शन्स आपण मिळवलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने आपोआप सोडतात, पण ती रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर. समजा आयआयओची नोंदणी डेव्हएमने केली आहे आणि रिमूव्हमध्ये हाताने चिपची पॉवर बंद केली आहे. मग पॉवर गेलेली आणि सिसएफएस अजून चालू, असा काही क्षणांचा काळ उरतो, आणि त्यात कोणी रीडिंग मागितलं तर चिप उत्तर देत नाही. एकतर सगळं डेव्हएमने करा, पॉवर बंद करणारं फंक्शनसुद्धा डेव्हएम अॅक्शन म्हणून नोंदवून, नाहीतर जिथे साखळी तुटली तिथून पुढचं सगळं हाताने करा. रेग्युलेटर मिळवून चालू करायला हल्ली एकच डेव्हएम फंक्शन आहे, ते वापरलं की आठ-दहा ओळी आणि एक चूक वाचते. रनटाइम पीएम (वापर नसताना चिप झोपवणं) असेल तर प्रत्येक एरर-वाटेवर सोडणं झालंय का ते बोट ठेवून मोजा. गेट_सिंक अपयशी ठरलं तरी वापराची मोजणी वाढवून ठेवतं. रिझ्यूम_अँड_गेट तसं करत नाही.

चिपचा आयडी तपासणं हा वादाचा विषय वाटतो, पण हल्ली उत्तर पक्कं आहे. ओपीटी३००१ मध्ये मॅन्युफॅक्चरर आयडी हेक्समध्ये ५४४९ येतो, म्हणजे आस्कीमधली 'टीआय' ही दोन अक्षरं. असा आयडी वाचा, जुळला नाही तर लॉगमध्ये लिहा, पण प्रोब फेल करू नका. उद्या त्याच कंपनीची रजिस्टर-सुसंगत नवी चिप आली, तर डिव्हाइस ट्रीमध्ये जुन्या नावाचा फॉलबॅक देऊन जुन्या कर्नलवरही ती चालली पाहिजे. वाचताच आलं नाही, आयटूसीने एरर दिला, तर मात्र फेल.

डिव्हाइस ट्रीचं बायंडिंग (चिपचं वर्णन तिथे कसं लिहायचं याचे नियम) वेगळ्या पॅचमध्ये आणि ड्रायव्हरच्या आधी. त्यात हार्डवेअरचं वर्णन असतं, ड्रायव्हरच्या आवडीनिवडी नसतात. 'डीफॉल्ट गेन' किंवा 'इंटिग्रेशन टाइम' अशी प्रॉपर्टी दिसली तर काढायला लावा, ती यूजरस्पेसची बाब. कंपॅटिबल नावात (यावरून चिपला ड्रायव्हर जुळवला जातो) एक्सएक्स असं जोकर अक्षर नको, खरा पार्ट नंबर हवा. ड्रायव्हरच्या फाइलच्या नावातही तेच, कारण कंपन्या पुढे त्याच आकड्यांत भलतीच चिप काढतात. पॉवर सप्लाय आवश्यक यादीत, इंटरप्ट ऐच्छिक यादीत, कारण तो पिन जोडलेला असेलच असं नाही. डीटी_बायंडिंग_चेक स्वतः चालवा, लेखकाच्या शब्दावर जाऊ नका.

ओळींची लांबी, हेडरचा क्रम, कॉमेंटची भाषा यावर मी फारसं बोलत नाही. चेकपॅच, स्पार्स (कोड न चालवता तपासणारं साधन) आणि डब्ल्यू=१ ने, म्हणजे जास्तीच्या वॉर्निंग चालू ठेवून, बिल्ड करून जे निघेल ते निघेल. मॅक्रोमध्ये हाताने शिफ्ट केलेल्या बिटांऐवजी जेनमास्क आणि फील्ड_प्रेप हे कर्नलचे तयार मॅक्रो असावेत एवढं सांगतो, ते दिसण्यासाठी नाही, तर डेटाशीटशी ओळीने ओळ ताडून बघता यावं म्हणून.

एक गोष्ट मात्र पहिल्याच फेरीत मागा: लक्समीटर शेजारी ठेवून घेतलेली रीडिंग. एकाच उजेडात प्रत्येक गेनला आणि प्रत्येक इंटिग्रेशन टाइमला रॉ, स्केल आणि दोघांचा गुणाकार. गुणाकाराचा स्तंभ सगळीकडे जवळपास सारखा आला पाहिजे. मीटरशी दहा-पंधरा टक्के फरक पडला तर काळजी करू नका, सेन्सरवरची काच आणि मीटरचा स्वतःचा दर्जा यातच तेवढं जातं. पण गेन बदलल्यावर गुणाकार दुप्पट-निमपट होत असेल तर पुढचं काही वाचायची गरजच नाही, पॅच परत पाठवा. सगळ्यात कमी गेनला टॉर्च जवळ धरून एक रीडिंग आणि कापडाने पूर्ण झाकून एक, अशी दोन टोकंही मागा. चिप अडकल्यावर ड्रायव्हर कमाल आकडा देतो, एरर देतो की शून्य देतो, ते टॉर्चखाली कळतं. शून्य देत असेल तर तो दोषच. उजेडाने भरून गेलेल्या सेन्सरने अंधार सांगणं कोणत्याही कारणाने चालणार नाही.

शेरे लिहिताना वजन वेगळं ठेवा. एबीआयबद्दलचं काहीही, म्हणजे अॅट्रिब्यूटचं नाव, एकक, चॅनेलचा प्रकार, हे 'बदलायलाच हवं' या गटात. एकदा रिलीज झालं की कोणीतरी त्यावर अवलंबून कोड लिहितो, मग चूक सुधारली तरी त्याचं मोडतं. व्हीईएमएल६०३० चा स्केल दुरुस्त करताना नेमकं हेच कोडं होतं. बाकीचं प्रश्न म्हणून विचारा: 'इथे १८० ऐवजी १२० का?' लेखकाकडे कधीकधी चिपच्या कंपनीकडून आलेली, डेटाशीटमध्ये नसलेली माहिती असते, आणि ती असेल तर तिने कॉमेंटमध्ये यायला हवं. रिव्ह्यूड-बाय ही ओळ द्यायची ती बायंडिंग आणि ड्रायव्हर दोन्ही वाचले असतील तरच. बोर्डवर नुसतं चालवून बघितलं असेल तर त्यासाठी टेस्टेड-बाय आहे. दुसरी आवृत्ती आली की सगळं पहिल्यापासून वाचत बसू नका, गिटच्या रेंज-डिफने काय बदललं ते बघा, आणि तुमच्या ज्या प्रश्नांना उत्तर न देता लेखक पुढे गेला आहे ते तसेच्या तसे पुन्हा चिकटवा.